उष्णतेची वाट

मागील प्रकरणात उष्णता-एंजिनाची मूळ कल्पना आपण पाहिली. इंधन जाळावे, निघालेल्या उष्णतेचा काही भाग कामाला लावावा व उरलेला टाकून द्यावा, हा अशा प्रत्येक यंत्राचा शिरस्ता होय. पाठ्यपुस्तके कामाला लागलेल्या भागाविषयी भरभरून लिहितात आणि टाकून दिलेल्या भागाचा ओझरता उल्लेख करतात. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचा अनुभव याच्या उलट आहे. टाकून द्यावयाची उष्णता वेळेवर गेली नाही, तर कामाची उष्णता राहतेच कोठे? यंत्रच उरत नाही. म्हणून हे संपूर्ण प्रकरण त्या टाकाऊ उष्णतेसाठी राखून ठेवले आहे.

उदाहरणे दोन घेऊ. एक लहान आहे, पडवीत मावेल एवढे: टर्बोचार्जर बसविलेली वेगवान मोटारगाडी. दुसरे आगगाडीतून दिसणारे. मुंबई-हावडा मार्गावर नागपूर, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव मागे टाकून दुर्ग ओलांडले की भिलाईची धुराडी दिसू लागतात. त्या धुराड्यांच्या सावलीत उभ्या असलेल्या झोतभट्ट्या हे आपले दुसरे उदाहरण. या दोहोंत काय साम्य, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. साम्य वरवरचे नाही, हे पुढे कळेल.

प्रथम मोटार. पेट्रोल एंजिनात निर्माण झालेल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश निष्कास वायूंबरोबर मागच्या नळीतून जाते आणि एक तृतीयांश एंजिनाच्या भिंतींत शिरते. ही शेवटची तृतीयांश पाण्याने उचलून रेडिएटरपर्यंत न्यावयाची व तेथे हवेच्या स्वाधीन करावयाची असते. टर्बोचार्जर हा निष्कास वायूंच्या वाट्याला गेलेली काही शक्ती परत मिळविण्याचा उपाय आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये त्याचे एकस्व घेतले. बाहेर पडणारे तप्त वायू एक लहानसे चक्र फिरवितात. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून एंजिनात कोंबते. अधिक हवा म्हणजे अधिक इंधन, आणि अधिक इंधन म्हणजे अधिक जोर.

परंतु हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचा तळ हाताला चटका देतो तो याच कारणाने. भिलाईच्या मे महिन्यातली दुपार घेऊ. बाहेरची हवा ४५° से., म्हणजे निरपेक्ष मापाने ३१८ अंश. ती मूळ दाबाच्या १.८ पट दाबली, तर आदर्श संपीडकातसुद्धा तिचे तापमान सुमारे ५८ अंशांनी चढेल. खरा संपीडक आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर वाढ ८३ अंशांची होते आणि हवा १२८° से. ला पोहोचते. तापलेली हवा विरळ असते, तेव्हा दाबून मिळविलेला लाभ काही अंशी हातचा जातो. शिवाय अशा हवेत इंधन वेळेआधीच भडकण्याचा धोका वाढतो. एंजिनात 'ठोके' ऐकू येतात ते हेच, आणि ते वाढले तर दट्ट्या फुटावयास वेळ लागत नाही.

यावर उपाय इंटरकूलरचा. संपीडक आणि एंजिन यांच्यामध्ये नळ्यापंख्यांची एक जाळी बसवून दाबलेली हवा बाहेरच्या हवेने निववावयाची. या जाळीने ८३ पैकी ७० टक्के वाढ काढून घेतली, तर हवा सुमारे ७०° से. ला एंजिनात शिरेल. ४०१ निरपेक्ष अंशांवरून ३४३ वर आली, म्हणजे तिची घनता जवळजवळ १७ टक्क्यांनी वाढली. जाळीतून जाताना थोडा दाब खर्ची पडतो, तरीही व्यवहार फायद्याचा. १९७५ च्या सुमारास आलेल्या पहिल्या पोर्शे ९११ टर्बो गाडीला इंटरकूलर नव्हता. १९७८ पासूनच्या ३.३ लिटर एंजिनाच्या गाडीला तो देण्यात आला.

आता इंटरकूलर ठेवावयाचा कोठे? सर्वांत सोपी जागा नाकासमोर, रेडिएटरच्या पुढे. तेथे वारा भरपूर लागतो. बहुतेक हौशी मंडळी मोठा इंटरकूलर आणतात आणि तेथेच बसवितात. हिवाळ्यात सर्व सुरळीत चालते. उन्हाळा आला, गाडी चढणीला लागली किंवा गर्दीत अडकली, की तापमानाचा काटा वर सरकतो. मग मोठा रेडिएटर येतो, अधिक जोराचा पंखा येतो, आणि काटा पुन्हा वर सरकतो.

याचे कारण साध्या वजाबाकीत आहे. रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल, हे त्याच्यातील पाणी आणि त्याला लागणारी हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९५° से. व हवा २५° से. असेल, तर फरक ७० अंशांचा. भिलाईच्या मे महिन्यात हवा ४५° से.; फरक उरला ५० अंश. म्हणजे रेडिएटर तोच असताना त्याची शक्ती दोन सप्तमांशाने घटली. आता पुढे बसविलेल्या इंटरकूलरमधून येताना हवा आणखी १० अंशांनी तापली, असे धरा. फरक ४० वर आला. थंड देशात ७० अंशांच्या फरकावर बेतलेला रेडिएटर येथे ४० अंशांवर काम करीत आहे. दोष रेडिएटरचा नाही, क्रमाचा आहे. वातानुकूलनाची जाळी या सर्वांच्याही पुढे असते, हे आपण येथे हिशेबात धरलेलेच नाही.

विजेच्या पाठात आपण एकसर जोडणी व समांतर जोडणी शिकलो. येथे तोच भेद आहे. इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक असतील, तर हवेची जोडणी एकसर झाली: मागच्याला पुढच्याची उष्टी हवा मिळते, आणि दोन जाळ्यांचा अडथळा ओलांडावा लागल्याने एकूण हवाही कमी वाहते. समांतर जोडणीत दोघांनाही ताजी हवा मिळते व अडथळा घटतो. जपानी माझ्दा आरएक्स-७ या दोन टर्बोंच्या गाडीवर १९९० नंतर जी फेरमांडणी विशेष गाजली, ती याच तत्त्वावर आधारलेली होती. अर्धवट उघडलेले पुस्तक कणा मागे व उघडे तोंड पुढे करून आडवे धरले, तर जी आकृती दिसेल तशी ही मांडणी असते. वरचे पान इंटरकूलरचे, खालचे रेडिएटरचे. समोरून आलेली हवा दुभंगते. काही वर जाऊन बॉनेटमधल्या झरोक्यातून निघते, काही रेडिएटरमधून खाली व मागे जाते. या गाडीला तिची गरजही अधिक होती. तिचे एंजिन फिरत्या त्रिकोणी दट्ट्याचे. त्यात ज्वलन नेहमी कवचाच्या एकाच बाजूला होते आणि ताजी हवा नेहमी दुसऱ्या बाजूला येते. कवच एकीकडे तापते, दुसरीकडे तुलनेने थंड राहते. पाणी जरा जास्त तापले की ॲल्युमिनियम व बीड यांच्यामधली पाणी अडविणारी वेटोळी निकामी होतात.

फेरमांडणी करणाऱ्यांच्या दोन चुका येथेच नोंदवून ठेवतो. पहिली: जाळ्यांच्या कडेने फटी ठेवणे. हवा आळशी असते. जाळीतून जाण्यापेक्षा फटीतून जाणे तिला सोयीचे वाटते. पत्रा व रबराची पट्टी लावून त्या फटी बुजविल्या नाहीत, तर सगळा खटाटोप वाया जातो. दुसरी चूक अधिक घातक आहे. नव्या जागी नळ नेताना मध्येच तो उंच चढवून पुन्हा खाली उतरवितात. त्या उंचवट्यात हवा अडकते, आणि जेथे हवा अडकली तेथे पाणी फिरत नाही. टर्बोचार्जरच्या बाबतीत हे विशेष जाणवते. एंजिन बंद केले की पंप थांबतो, पण निष्कासाचे चक्र अजून तांबूस तापलेले असते. त्याची उष्णता धारव्यांकडे सरकते आणि तेथले तेल जळून कोळशासारखे कडक होते. म्हणून धारव्यांभोवती पाणी खेळविलेले असते. एंजिन बंद झाल्यावर तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, थंड पाणी त्याची जागा घेते, आणि काही मिनिटे हा फेरा पंपाशिवाय चालू राहतो. नळाचा चढ सलग असेल तरच.

हे तत्त्व लक्षात ठेवून आता भिलाईकडे वळू.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले. पहिल्या तीन भट्ट्यांचे आकारमान प्रत्येकी १,०३३ घनमीटर. २०१८ मध्ये पेटविलेली आठवी भट्टी ४,०६० घनमीटरची आहे, म्हणजे पहिलीच्या जवळजवळ चौपट. खनिज दल्ली-राजहराहून येते.

झोतभट्टीला हवा कोंबावी लागते. ती कोंबणारे टर्बो-ब्लोअर वाफेच्या टरबाइनवर चालतात, आणि ती वाफ ज्या बॉयलरांत तयार होते तेथे इतर इंधनांबरोबर भट्टीच्याच माथ्यातून निघालेला वायू जाळला जातो. म्हणजे भट्टी आपल्याच निष्कासाच्या बळावर आपला श्वास आत ओढते. ब्यूखीच्या यंत्रात आणि यात तत्त्वाचा फरक नाही, केवळ वाट लांबची आहे.

एका बाबतीत मात्र दोघांचा मार्ग अगदी उलट आहे. मोटारीला दाबलेली हवा थंड हवी असते. भट्टीला ती तापलेली हवी असते. ग्लासगोच्या जेम्स नीलसनने १८२८ मध्ये तप्त झोताची पद्धत काढली, तेव्हापासून झोत आधी तापविण्याची रीत रूढ झाली. आज तो १,०००° से. किंवा त्याहून अधिक तापवून भट्टीत सोडतात. मोटारीच्या सिलिंडरात जागा मोजकी असते, त्यामुळे घनता महत्त्वाची. भट्टीत जागेची टंचाई नाही. तेथे झोताबरोबर आलेली प्रत्येक कॅलरी कोक वाचविते. एकाच भौतिकीतून असे दोन विरुद्ध निर्णय निघतात, हे विद्यार्थ्यांना पटवून देणे मला नेहमीच अवघड गेले आहे.

तप्त झोत ज्या तोंडांतून भट्टीत शिरतो ती तोंडे तांब्याची असतात. तांबे १,०८५° से. ला वितळते. त्या तोंडापुढची ज्वाला २,०००° से. च्या वर असते. तरीही तांबे टिकते, कारण तांब्याच्या पोकळ भिंतीत पाणी वेगाने धावत असते आणि तांबे उष्णता इतक्या झपाट्याने पाण्याला देते की त्याला वितळण्यास अवधीच मिळत नाही. तांब्याऐवजी अधिक तापमानाला वितळणारे पोलाद वापरले असते, तर ते आधी गेले असते. ते उष्णता तितक्या लवकर पुढे सरकवीत नाही.

भट्टीच्या भिंतींची गोष्टही अशीच आहे. पोलादी कवचाच्या आतून बिडाच्या किंवा तांब्याच्या जाड पाट्या बसवितात. त्यांना स्टेव्ह म्हणतात. त्यांच्या पोटातून पाण्याचे नळ जातात. पाट्यांच्या पुढे उच्चतापसह विटांचा थर असतो, पण तो काही वर्षांत झिजतो. त्यानंतर भिंतीचे रक्षण कोण करते? थंड पाट्यांवर भट्टीतला वितळलेला माल गोठून त्याचा एक थर बसतो. तो थर गळून पडतो, पुन्हा बसतो. म्हणजे पाण्याच्या जोरावर भट्टी आपली भिंत स्वतःच रोज लिंपते. पाणी कमी पडले तर लिंपण बसत नाही.

आणि हे पाणी कोणत्या क्रमाने न्यावयाचे? उभ्या रांगेतील पाट्या एकसर जोडतात आणि रांगा परस्परांशी समांतर. प्रत्येक रांगेत पाणी तळाच्या पाटीत शिरते व माथ्याच्या पाटीतून निघते, कधीही उलट नाही. वाफेचा बुडबुडा झाला तरी तो वरच जावा, वाटेत अडकू नये, एवढ्यासाठी. मोटारीच्या नळातील उंचवटा आणि भट्टीच्या रांगेची दिशा यांत नियम एकच आहे.

पाण्याविषयी आणखी एक. भिलाईचे पाणी तांदुळा धरणाच्या कालव्याने आणि मरोद्याच्या जलाशयातून येते. कोणत्याही नदी-तलावाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. ते तप्त भिंतीवर साचून खपली धरते, आणि खपली उष्णतेला अडविते. पाणी वाहत असते, पण भिंत जळत असते. म्हणून नव्या रचनेत पाण्याचे दोन फेरे करतात. आतल्या बंद फेऱ्यात क्षार काढलेले सुफेन पाणी पाट्यांतून फिरते. ते आपली उष्णता एका विनिमयकात बाहेरच्या फेऱ्यातील साध्या पाण्याला देते. यासाठी तापमानातील फरकाचे काही अंश जास्तीचे खर्चावे लागतात, पण पाट्या स्वच्छ राहतात. मोटारीचा रेडिएटर पहिल्यापासून असा बंद फेराच आहे, आणि त्यात विहिरीचे दुष्फेन पाणी ओतणारा चालक भट्टीवाल्यांनी मोठ्या खर्चाने टाळलेली चूक फुकटात करीत असतो.

सोव्हिएत अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास याहून धाडसी वाट शोधली. एक किलोग्रॅम पाणी १० अंशांनी तापले तर ते १० किलोकॅलरी नेते. तेच पाणी उकळून वाफ झाले तर ५४० नेते. तेव्हा पाण्याला पाट्यांतच उकळू द्यावे, वाफ वरच्या पिंपात वेगळी करावी, आणि उरलेले पाणी स्वतःच्या वजनाने पुन्हा खाली उतरू द्यावे. फिरवावयाचे पाणी पन्नासाव्या हिश्श्यावर येते आणि पंप बंद पडला तरी फेरा चालू राहतो. टर्बोचार्जरच्या धारव्यांभोवती आपण पाहिलेला तोच खेळ, सहस्रपट मोठ्या प्रमाणावर.

बाहेरच्या फेऱ्यातील पाणी शीतन मनोऱ्यात वरून खाली शिंपडून निववितात. येथे भिलाईच्या हवामानाची एक गंमत आहे. मोटारीच्या कोरड्या रेडिएटरला मे महिना सर्वांत जड जातो. मनोऱ्याला मात्र जुलै जड जातो. पाणी किती निवेल, हे हवेच्या तापमानापेक्षा तिच्या कोरडेपणावर अवलंबून असते. ४५° से. च्या कोरड्या दुपारी, आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक सुमारे २४° दाखवितो. पावसाळ्यात हवा ३२° व आर्द्रता ८० टक्के असताना तोच २९° दाखवितो. नागपूर-वऱ्हाडातल्या वाचकाला हे शिकविण्याची गरज नाही. वाळ्याचा पडदा किंवा गवताचा कूलर मेमध्ये घर गार करतो आणि पहिला पाऊस पडताच घर केवळ दमट करतो, हे तेथील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असते. काही जपानी गाड्यांत इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारण्याची सोय होती. तिचेही असेच, मेमध्ये गुणकारी आणि जुलैत जवळपास निरुपयोगी.

मोटार बंद करता येते. झोतभट्टी तशी बंद करता येत नाही. झोत थांबविला तरी आतला शेकडो टन तप्त माल तेथेच असतो, आणि पाणी काही मिनिटे जरी थांबले तरी तांब्याची तोंडे जातात. तोंड फुटून पाणी आत शिरले, तर स्फोटाचा धोका. म्हणून राखीव पंप आणि उंचावरच्या टाक्या ठेवतात. वीज गेली तरी उंचीवरचे पाणी खाली येणारच.

आणि भट्टीजवळचे पाणी केवळ थंड करीत नाही. माथ्यातून निघणारा वायू पाण्याच्या फवाऱ्यांनी धुतला जातो, आणि त्या वायूला ठरल्या वाटेबाहेर न जाऊ देण्याचे कामही पाण्याकडेच असते. त्यात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहून अधिक असते. त्याला रंग नाही, वास नाही. १२ जून २०१४ रोजी सायंकाळी भिलाईत एका पंपगृहात बिघाड होऊन पाण्याचा दाब घटला. वायू धुण्याच्या विभागात पाणी ज्या दाबाने वायूला थोपवून धरीत होते, तो दाबच राहिला नाही, आणि वायू पाण्याच्याच नळातून उलटा पंपगृहापर्यंत आला. बिघाड पाहण्यासाठी गेलेली व मदतीला धावलेली माणसे त्यात सापडली. सहा जण मृत्यू पावले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. तिसाहून अधिक जणांना बाधा झाली. अशा घटनेची नोंद वायुगळती म्हणून होते, आणि ती योग्यच आहे. परंतु अभियांत्रिकी शिकणाऱ्याने तिचा अभ्यास पाण्याच्या प्रकरणात करावा, असे मला वाटते. थंड करणारे पाणी आणि वायू अडविणारे पाणी यांचे नळ आखताना, दाब शून्यावर आला तर प्रत्येक नळात कोण कोणत्या दिशेने वाहील, हा प्रश्न कागदावर विचारावयाचा असतो.

मोटारीसंबंधी एक गोष्ट राहिली. उन्हाळ्यात गाडी तापू लागली की आपल्याकडील बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकतात. पाण्याच्या वाटेतला तो अडथळा आहे, तो काढला की पाणी मोकळे वाहील, असा त्यांचा हिशेब. अनेक एंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामे करतो: रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी एंजिनातल्या एंजिनात पाणी फिरविणारी आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते व काही पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरते. मेमध्ये गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापू शकते. जानेवारीत काय होईल, याचे गणित वाचकाने स्वतः करावे. हवा १२° से. धरावी, पाणी ९५° से. धरावे, आणि रेडिएटरला मिळणारा फरक मे महिन्यातील ५० अंशांशी ताडून पाहावा. इंटरकूलरनंतरची हवाही त्याच रीतीने काढावी. उत्तर सुमारे ३४° से. यावयास हवे.